ई-मेलमधला ‘म’ आणि एक उणे चिन्ह

मराठीत विषय लिहिलेली एखादी ई-मेल उघडा आणि मेनूतून तिचं मूळ रूप पाहा. विषयाच्या जागी बहुतेक वेळा रोमन अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ दिसेल. नीट पाहिलंत तर तिच्यात ‘4, के, एस’ हे त्रिकूट पुन्हापुन्हा येतं, मधूनच ‘4, के, डब्ल्यू’ डोकावतं. हा कचरा नाही. ती मराठीच आहे, बेस64 नावाच्या पद्धतीने लिहिलेली.

हा द्राविडी प्राणायाम करावा लागतो, कारण ई-मेलची घडण झाली ती फक्त इंग्रजीसाठी. 1982 सालच्या एसएमटीपी नियमांत एका अक्षराला 7 बिट धरले होते, म्हणजे 0 ते 127 एवढेच आकडे. फोटो किंवा ध्वनीच्या फाईलमधला प्रत्येक बाइट मात्र 0 ते 255 मधला काहीही असू शकतो. तो तसाच पाठवला तर वाटेतला एखादा संगणक आठवा बिट छाटून टाकायचा, दुसरा ओळीच्या शेवटची रिकामी जागा गिळायचा. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर तर अक्षरांचे क्रमांकच निराळे. 1980 मध्ये बर्कली विद्यापीठात मेरी ॲन हॉर्टन यांनी यूयूएनकोड लिहून यावर तोडगा काढला होता. पण त्यात रिकामी जागा आणि विरामचिन्हं वापरली होती, आणि वाटेत नेमकी तीच आधी गळत.

जून 1992 मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ई-मेलमधून कुठलाही मजकूर वा फाईल पाठवण्याचे नियम मांडले, त्यांचं नाव माइम. सुरक्षित मेलच्या आधीच्या एका योजनेतली युक्ती त्यांनी उचलली: कुठल्याही यंत्रावर शाबूत राहतील अशी 64 चिन्हं घ्यायची. 26 मोठी अक्षरं, 26 छोटी, 10 अंक, अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ. 64 म्हणजे 2 चा सहावा घात, म्हणून एका चिन्हात नेमके 6 बिट मावतात. 3 बाइटांचे 24 बिट होतात. त्यांचे सहा-सहाचे चार गट पाडले की 4 चिन्हं हाती येतात.

‘म’ घेऊन पाहू. अक्षरं बाइटांत मांडण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत त्याचे 3 बाइट आहेत: 224, 164, 174. बिटांत मांडले तर 11100000 10100100 10101110. आता सहा-सहा तोडा: 111000, 001010, 010010, 101110. म्हणजे 56, 10, 18, 46. तक्ता 0 पासून मोजतात, त्यामुळे 56 वर अंक 4, 10 वर मोठा के, 18 वर मोठा एस आणि 46 वर छोटा यू. देवनागरीच्या पहिल्या 64 खुणांचे पहिले दोन बाइट सारखेच असतात, आणि तिसरा बाइट नेहमी 10 ने सुरू होतो. म्हणून त्या साऱ्या ‘4, के, एस’नेच उघडतात, फक्त चौथं चिन्ह बदलतं. दीर्घ वेलांटीपासून पुढच्या 64 खुणांना ‘4, के, डब्ल्यू’ मिळतं. हा ताल पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतच टिकतो, कारण ती एकाच बाइटची असते आणि पुढची सगळी वाटणी सरकते.

इतकी चपखल जुळणी कुणी ठरवून केलेली नाही. यूटीएफ-8 सुद्धा 1992 मधलंच. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ते न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत कागदी टेबलमॅटवर आखलं. बोरेनस्टाइन तेव्हा न्यू जर्सीतल्याच बेलकोर या कंपनीत होते. ही जुळणी त्यांच्यापैकी कुणाच्याही डोळ्यांसमोर असण्याचं कारण नव्हतं.

बेस64 मुळे मजकूर एक तृतीयांशाने फुगतो. 18 एमबीची फाईल ओळी तोडण्याची चिन्हं धरून साधारण साडेचोवीस एमबी होते. तरी मराठीला हाच सौदा परवडतो, कारण माइमच्या दुसऱ्या पद्धतीत, क्वोटेड प्रिंटेबलमध्ये, एका ‘म’ला 9 चिन्हं लागतात. मात्र याला कुलूप समजू नये. बेस64 मधला पासवर्ड कुणीही क्षणात वाचू शकतो.

आता हेच काम सी भाषेत करू. 64 चिन्हांचा एक ॲरे घ्यायचा, पहिला बाइट दोन घरं उजवीकडे सरकवायचा आणि येईल तो आकडा इंडेक्स म्हणून वापरायचा. चार-सहा ओळींचा लूप. इंग्रजी मजकूर सुरळीत जातो आणि मराठी दिला की गोंधळ उडतो.

कारण बाइट ठेवण्याचा ‘कॅर’ हा प्रकार फक्त धन धरायचा की ऋणही, हे सी भाषेने कंपायलरवर सोडलं आहे. ज्या पीडीपी-11 वर सी वाढली, ते यंत्र बाइट रजिस्टरमध्ये उचलताना त्याचं चिन्ह पसरवत असे. तिथली सोय पुढे वहिवाट झाली. इंटेलच्या घराण्यातल्या यंत्रांवर ‘कॅर’ आजही सहसा चिन्हासकट असतो. मग 224 हा 224 राहत नाही, उणे 32 होतो. तो उजवीकडे सरकवताना मोकळ्या जागी बहुतेक कंपायलर 1 भरतात. उत्तर येतं उणे 8, आणि प्रोग्राम टेबलाच्या 8 घरं आधीची मेमरी वाचतो. तिथे जे पडलं असेल ते ‘म’ म्हणून बाहेर. प्रोग्राम कोसळला तर बरं, पण तो बहुधा मुकाट्याने चुकीचं लिहीत राहतो. उपाय एका शब्दाचा आहे: ‘अनसाइन्ड कॅर’.

बाकीचे खड्डे जुनेच. फाईलची लांबी स्ट्रलेन या फंक्शनला विचारायची नाही, कारण ते पहिल्या शून्य बाइटवर थांबतं आणि फोटोत शून्यं पैशाला पासरी असतात. शेवटच्या शून्यासाठी बफरमध्ये एक जास्तीचं घर ठेवायचं. एक किंवा दोन बाइट उरले तर बरोबरच्या चिन्हांनी चौकडी पुरी करायची.

मला खटकतात त्या चाचण्या. 2006 मध्ये आलेल्या आरएफसी 4648 या प्रमाण दस्तऐवजात बेस64 साठी 7 नमुने दिले आहेत: रिकामी ओळ, मग ‘एफ’, ‘एफओ’ असं वाढत ‘फूबार’पर्यंत. शेवटच्या भरतीची परीक्षा ते उत्तम घेतात, पण त्यांतला एकही बाइट 127 च्या वर जात नाही. उणे चिन्हाची चूक या सातही चाळण्यांतून सहीसलामत पार होते. आठवा नमुना म्हणून ‘मराठी’ घालावा: 15 बाइट आत, 20 चिन्हं बाहेर, शेवटी भरती नाही. आणि ही चाचणी फक्त रास्पबेरी पायवर चालवून थांबू नये. त्याच्यासारख्या एआरएम यंत्रांवरच्या लिनक्समध्ये ‘कॅर’ मुळातच बिनचिन्हाचा असतो, तिथे चुकलेला कोडही पास होतो.