सागवान टिकतं, पण राखलं तर

आमच्या प्रतापगडाला समुद्र नाही. पण मी सुतार, सागवान ओळखतो. म्हणून ‘ट्रिंकोमाली’ ही शिडाची युद्धनौका मला जवळची वाटते. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली ती मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून घडली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे.

सागवानाच्या अंगात तेल असतं. ते किडीला, बुरशीला रोखतं; लोखंडी खिळाही त्यात लवकर गंजत नाही. ओकमध्ये गंजतो. तरी लाकडाचा खरा वैरी पावसाचं गोडं पाणी. डेकच्या फटींतून ते झिरपलं की आतून कूज धरते. म्हणून फटींत तंतू ठासून वर डांबर भरायचं, हवा खेळती ठेवायची, कुजका तुकडा वेळीच बदलायचा.

‘ट्रिंकोमाली’ १९८७ मध्ये हार्टलपूलला आली. डागडुजी २००१ मध्ये पुरी झाली. मुंबईचीच ‘कॉर्नवॉलिस’, जिच्यावर १८४२ चा नानकिंगचा तह झाला, १९५७ मध्ये मोडीत निघाली. सागवान दोघींचंही. फरक निगराणीचा आणि त्यासाठी दरवर्षी लागणाऱ्या पैशाचा. जहाज वाचवायचं असेल, तर सुतार कायमचा पगारावर ठेवा.