थांबलेल्या जहाजाखाली

मालवाहू जहाजाच्या तळाची 5 वर्षांत किमान दोनदा तपासणी झालीच पाहिजे आणि दोन तपासण्यांमध्ये 36 महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जहाज सुक्या गोदीत घेतलं की तळ डोळ्यांसमोर येतो. पण गोदीचं भाडं आणि बुडालेल्या फेऱ्या मालकाला जड जातात. म्हणून मधल्या काळातली बरीच कामं पाणबुडे उरकतात. तळ खरवडणं, पंखा घासणं, झिजलेले जस्ताचे ठोकळे बदलणं, पंख्यात गुरफटलेलं जाळं कापून काढणं. तेलविहिरींवरच्या पाणबुड्यांबद्दल आपण ऐकलेलं असतं. बंदरातला पाणबुड्या बहुतेक वेळा दहा-बारा मीटरच्या आतच असतो, आणि म्हणूनच त्याच्या कामाची अवघडता कुणाच्या लक्षात येत नाही.

मुंबई बंदराचंच पाहा. उधाणाच्या दिवसांत इथं पाणी 4 मीटरहून अधिक चढतं-उतरतं आणि गाळ सतत ढवळलेला राहतो. दिवा लावावा तर उजेड गाळावर आपटून डोळ्यांतच येतो. भांगाच्या दिवसांत, पाणी जरा थबकतं तेवढ्यात काम साधायचं आणि तेही हातांनी चाचपून. पंख्याचं पातं घासून झालं की पाणबुड्या एक छोटी पट्टी काढतो. तिच्यावर खरखरीतपणाचे ए ते एफ असे सहा नमुने असतात, ए सर्वांत गुळगुळीत. आधी नमुन्यावरून नख फिरवायचं, मग पात्यावरून; दोन्हीकडे बोटाला सारखंच लागलं की तो दर्जा पक्का. एवढ्या मोठ्या जहाजाच्या इंधनखर्चाचा एक भाग असा एका नखावर ठरतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तळावरचा मुख्य शत्रू बार्नेकल. त्याचं पिल्लू पोहत येतं, जागा चाचपतं आणि स्वतःच्याच सिमेंटनं डोकं चिकटवून कायमचं बसतं. पोलादाऐवजी आधी झिजावेत म्हणून बसवलेल्या जस्ताच्या ठोकळ्यांशी या बिऱ्हाडकरूंचा जुना संबंध आहे. 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरचे तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी त्यांना लोखंड-जस्ताचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं. पण त्याबरोबर तांब्याचा विषारी अंश पाण्यात उतरायचाही थांबला आणि तळ शेवाळ-शिंपल्यांनी भरून गेला. आजच्या तळरंगांतही बहुधा तांब्याची संयुगं असतात. ब्रश फार कडक वापरला तर बार्नेकलबरोबर रंगही निघतो, तो बंदराच्या पाण्यात मिसळतो आणि उघड्या पडलेल्या जागी नवी वस्ती लवकर बसते. कुठं किती जोर लावायचा, ही अक्कल सरावानंच येते.

दुरुस्तीची जिद्द पाहायची तर ‘ग्रेट ईस्टर्न’ची गोष्ट सांगायला हवी. 1862 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कजवळच्या माँटॉक इथं खडकाला घासून या जहाजाच्या तळाला 83 फूट लांब आणि सुमारे 9 फूट रुंद चीर पडली. तळ दुहेरी होता म्हणून जहाज तरलं. पण त्या प्रचंड जहाजाला सामावणारी सुकी गोदी तिथं नव्हती. रेन्विक या अभियंता बंधूंनी तळाच्या बाकाला बसेल अशी पेटी बांधली, ती चिरेवर घट्ट बसवून आतलं पाणी उपसलं आणि कामगारांनी समुद्रात उभ्या जहाजाला नवे पत्रे ठोकले. पुढं 1870 मध्ये हेच जहाज मुंबईला आलं आणि त्यानं इथून एडनपर्यंत समुद्री तार टाकली.

आता धोक्याचं. हा धोका जहाजाचाच असतो. धक्क्याला लागलेल्या जहाजाचीही यंत्रं चालू असतात आणि थंडाव्यासाठी लागणारं पाणी तळाच्या जाळीदार तोंडांतून, म्हणजे सी चेस्टमधून, आत ओढलं जातं. 5 मीटर खोलीवरच्या, 30 सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या भोकाची आतली बाजू रिकामी असेल, तर बाहेरचं पाणी त्यावर सुमारे 450 किलोचा भार टाकतं. तिथं हात किंवा पाठ अडकली तर वरून दोरी ओढून माणूस सुटत नाही. तशी ओढाताण त्यालाच फाडते आणि मदतीला उतरलेला दुसराही अडकू शकतो. आतबाहेरचा दाब सारखा करणं हाच उपाय. म्हणून पाणबुड्या उतरण्याआधी पंप, पंखा, सुकाणू, थ्रस्टर बंद करून कुलूपबंद करतात आणि त्याची लेखी परवानगी घेतात. पांढरा-निळा ‘ए’ बावटा चढतो. हवेची नळी आणि बोलण्याची तार वरच्या माणसाच्या ताब्यात असते, पाणबुड्याच्या पाठीवर राखीव हवा असते आणि दुसरा पाणबुड्या पोशाख चढवून काठावर तयार बसतो.

कोकणातल्या लहान बंदरांत पंख्यात दोरी अडकली की यातलं काहीच हाताशी नसतं. खलाशी दम धरून, दातांत सुरी धरून खाली जातो आणि तांडेल वरून ओरडतो, ‘‘इंजिन बंद हाय रे!’’ त्या ओरडण्यावर विसंबून कुणी उतरू नये. खाली गेलेला माणूस वर येऊन स्वतः सांगेपर्यंत इंजिनाची चावी तांडेलाच्या मुठीत हवी. याला एका पैशाचाही खर्च नाही, आणि ही सवय प्रत्येक नौकेवर आजपासून लागावी असं मला मनापासून वाटतं.