ऋतू, शिळा आणि माणूस : दुर्गाबाई भागवतांची दृष्टी

आपल्या वसतिगृहात वाढलेल्या प्रत्येकाला आवारातील एखादे झाड आठवते, एखादी भिंत आठवते आणि सोबतीची माणसे आठवतात. या तीन आठवणी आपण वेगवेगळ्या ठेवतो. त्या एकाच दृष्टीने पाहता येतात, हे मराठीत ज्यांनी समर्थपणे दाखविले, त्या दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांच्या लेखनाचा परिचय या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही करून देत आहोत.

दुर्गाबाईंच्या अभ्यासाचा आरंभच बौद्ध वाङ्मयापासून झाला. ‘अर्ली बुद्धिस्ट ज्युरिसप्रूडन्स’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्याचा विषय भिक्षुसंघाचे नियम, म्हणजे विनय. वरवर पाहता हा विषय रुक्ष वाटतो. पण विनयात काय आहे ते पाहावे. पावसाळ्यात हिंडणारे भिक्षू कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवितात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून वर्षावासाचा नियम झाला. भिक्षूने याचना करून स्वतःसाठी कुटी बांधावयाची, तर ती लांबीला बारा आणि रुंदीला सात वितींपेक्षा मोठी नसावी, जागा संघाने पाहून संमत करावी आणि तेथे जीवांना उपद्रव होऊ नये, असाही दंडक आहे. ऋतू, वास्तू आणि समाज येथे एकाच नियमात बांधलेले दिसतात.

पुढे आदिवासींच्या अभ्यासासाठी मध्य भारतातील जंगलांत हिंडत असताना विषबाधा होऊन दुर्गाबाईंना कित्येक वर्षे आजारपणात काढावी लागली. तरीही निसर्गाविषयी त्यांच्या मनात कटुता राहिली नाही. १९५६ साली ‘ऋतुचक्र’ प्रकाशित झाले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांचे हे लेख आहेत. पिंपळाची पालवी, करंजाचा फुलोरा, पक्ष्यांची घरटी हे सारे नेहमीचेच. परंतु त्याकडे निरखून पाहणे हीही विद्या आहे, हे या पुस्तकाने मराठी वाचकाला शिकविले. त्याच वर्षी आलेल्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ या ग्रंथात त्यांनी लोकांच्या तोंडी असलेल्या कथागीतांना शास्त्रीय अभ्यासाचा मान दिला.

‘पैस’ (१९७०) या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. शीर्षकलेखाचा विषय आहे नेवाशाचा दगडी खांब. ज्ञानेश्वरांनी याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, अशी परंपरा आहे. पैस म्हणजे विस्तार, मोकळे अवकाश. दगडाचे मोल केवळ कोरीव कामावरून ठरत नाही. त्याच्याभोवती किती माणसांची मने एकत्र आली, यावरूनही ते ठरते.

दुर्गाबाईंनी जातककथा सात खंडांत मराठीत आणल्या, हे त्यांचे आपल्यावरील मोठे ऋण. या कथांत वडाखालची हरणे आहेत, व्यापारी आहेत, कुंभार आहेत, राजे आहेत. याच कथा भारहुत आणि सांचीच्या शिळांवर कोरल्या गेल्या, अजिंठ्याच्या भिंतींवर रंगविल्या गेल्या. मराठी जातक हाताशी असेल, तर अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील षड्दंत हत्ती हे नुसते चित्र राहत नाही; त्याची कथा आपल्याला कळू लागते.

असे पाहणारा माणूस अन्यायासमोर डोळे मिटू शकत नाही. १९७५ साली, आणीबाणीच्या काळात, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. पुढे त्यांना कारावास भोगावा लागला.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या आज्यांना ओव्या मुखोद्गत होत्या, रानभाज्यांची नावे ठाऊक होती, गावच्या पडक्या वास्तूची हकिकत सांगता येत होती. त्या ज्ञानाला कोणी विद्या म्हटले नाही, म्हणून आपणही ते टिपून ठेवले नाही. त्यातील बरेच आता त्या माणसांबरोबर गेले. जे उरले आहे, ते आपल्या घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून, त्यांच्याच शब्दांत, प्रत्येकाने लिहून काढावे. त्यासाठी मोठी पदवी लागत नाही. एक वही आणि ऐकण्याची तयारी एवढे पुरे. अशा वह्या शाळेच्या ग्रंथालयात आल्या, तर येणाऱ्या पिढीतील मुलांना आपलेही घर ग्रंथात सापडेल.