दाढेतील लेप आतून पक्का झाला हे कसे ओळखावे?

दाणा दाताखाली फोडून धान्याचा सुकेपणा ओळखण्याची आम्हा व्यापाऱ्यांची सवय जुनी आहे. तिच्यापायी आमच्या एका दाढेचा तुकडा निघाला. दंतवैद्यांनी तीत मऊ लेप भरून निळ्या प्रकाशाचा दिवा वीस सेकंद धरला, तोच लेप दगडासारखा झाला. तो तळापर्यंत पक्का झाला हे कशावरून, असे आम्ही विचारले. त्यातून जे समजले ते सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

अशा लेपांतील प्रमुख राळेचे पेटंट अमेरिकेतील डॉ. राफेल बोवेन यांस १९६२ साली मिळाले. दिव्याने पक्व होणारे लेप पुढे आले. राळेच्या रेणूंच्या टोकांस कार्बनचे दुहेरी बंध असतात. सुमारे ४७० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने लेपातील कँफरक्विनोन चेतते, ते बंध उघडतात व रेणू परस्परांत गुंफले जातात. जितके बंध उघडले, तितकी पक्वता.

हे मोजण्यासाठी प्रयोगशाळेत लेपाच्या नमुन्यावर अवरक्त प्रकाश टाकतात. प्रत्येक बंध आपल्या कंपनाशी जुळणारा प्रकाशच शोषतो. आलेखावर १६३८ या तरंगसंख्येजवळ दुहेरी बंधाचे शिखर उमटते, तर १६०८ जवळ बेंझीन वलयाचे. दुसरे शिखर पक्वतेने बदलत नाही. म्हणून ते तराजूतील वजनाप्रमाणे आधारास घेतात. दिव्यापूर्वी दोहोंचे गुणोत्तर १०० धरले व नंतर ४० उरले, तर पक्वता ६० टक्के. बहुधा ती ५० ते ७५ टक्के भरते. कारण जाळे घट्ट होताच उरलेल्या रेणूंस हालण्यास वाव राहत नाही.

खरी मेख पुढे आहे. वरचा थर नखास टणक लागला, तरी तळाशी प्रकाश कमी पोचतो. तेथे लेप कच्चा राहिल्यास तो दुबळा राहतो व सुटे रेणू पाझरतात. म्हणून नेहमीचा लेप दोन मिलिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थरास दिवा दाखवितात. ही मोजणी तोंडात होत नाही. थराची जाडी व सेकंद अशा नमुन्यांवरूनच ठरतात.

पोत्याच्या तोंडचा दाणा पाहून सौदा करणारा फसतो, हे आपणांस सांगणे नलगे. यास्तव दाढ भरून घेताना दंतवैद्यांस घाई करू नये. थर व सेकंद पुरते होऊ द्यावेत. आम्ही स्वतः दाणा फोडणे सोडले असून आता आर्द्रतामापक यंत्र वापरतो.