घाट, सायकल आणि गिअर

घाटाच्या पायथ्याशीं येतांच खालीं उतरावें आणि सायकल हातीं धरून चालूं लागावें, हा एका गिअरच्या सायकलीचा जुना रिवाज होय. आतां अनेक गिअरांच्या सायकली पुष्कळ घरांत आल्या आहेत. परंतु हलका गिअर घेणें म्हणजे कमीपणा पत्करणें, ही समजूत तरुण मंडळींच्या मनांतून अद्यापि गेलेली नाहीं. तिच्यापायीं धडधाकट मुलें गुडघे दुखवून घेतात, आणि घरांतील वडील माणसें व स्त्रिया चढाचा रस्ता आपला नव्हेच असें मानून बसतात. म्हणून तिचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम हिशेब पाहूं. स्वार व सायकल मिळून वजन ९० किलो आणि रस्ता शंभर मीटरांस सात मीटर चढणारा, असें धरूं. पुढच्या दातेरी चक्रास ४८ व मागच्यास १६ दाते असल्यास पॅडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें ६.३ मीटर पुढें जाते. तेवढ्यांत सारें ओझें ४४ सेंटिमीटर वर उचललें जावयास हवें. त्यासाठीं पॅडलावर फेराभर सरासरी ३७ किलो वजनाइतका दाब लागतो. आतां दोन्हीकडे ३४ दाते घ्या. एका फेऱ्यांत सायकल २.१ मीटरच सरकते, पण दाब १२ किलोंवर येतो. ताशी १० किलोमीटर वेगानें जावयाचें तर पहिल्या सायकलीवर मिनिटास जेमतेम २६ फेरे होतात, दुसरीवर ७९.

गिअर श्रम चुकवितो, हें म्हणणें अर्थातच खोटें. विहिरीवरून हौद भरावयाचा तर मोठ्या घागरीनें थोड्या खेपा घालाव्या, किंवा कळशीनें पुष्कळ. पाणी तेंच, पण कंबर कोणाची शाबूत राहील हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको.

फ्रान्सांत हा वाद मोठ्या हिरीरीनें लढला गेला. ‘व्हेलोसिओ’ ह्या नांवानें लिहिणारे सेंत-एत्येनचे पॉल द व्हिव्ही अनेक गिअरांचे कट्टे पुरस्कर्ते. १९०२ सालीं तेथील टूरिंग क्लबाच्या कसोटींत मार्थ हेस ह्या बाई तीन गिअरांच्या सायकलीवरून, जमिनीस पाय न लावतां, डोंगरी मार्ग चढून गेल्या. ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज ह्यांचें मत मात्र असें कीं, गिअर हे पंचेचाळिशीपुढच्यांसाठीं! त्यांच्या शर्यतींत १९१० पासून २११५ मीटर उंचीचा तूर्माले घाट होता. तरीहि स्पर्धक पायथ्याशीं उतरत, मागचें चाक काढून उलटें बसवीत, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूस अधिक दात्यांचें चक्र असे. बिचाऱ्यांचीं बोटें थंडीनें आंखडलेलीं असत तीं निराळींच. देग्रांज ह्यांनीं सूत्रें खालीं ठेवल्यावर, १९३७ सालीं, सांखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या गिअरास तेथें मुभा मिळाली. आज त्याच घाटांत जगांतील बलाढ्य स्वार हलका गिअर घेतात, आणि त्यांस दुबळे म्हणण्यास कोणी धजत नाहीं.

गिअर बदलावयाचा तो चढ लागण्यापूर्वीं, पाय फिरत असतांना. ऐन चढावर ताणलेल्या सांखळीस ओढूं गेल्यास ती कुरकुरते, प्रसंगीं निसटतेहि. नवी सायकल घेतांना गिअर एकंदर किती हें बहुतेक विचारतात. आम्ही म्हणतों, पुढच्या सर्वांत लहान चक्राचे व मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते मोजून घ्यावे. मागचे दाते पुढच्यांइतके किंवा अधिक भरले, तर ती सायकल घाटास खुशाल न्यावी.