हक्कसोड कीं हक्कलोप?

न्हावा-शेव्याचें बंदर पाहून कोणाही महाराष्ट्रीयास अभिमान वाटावा. १९८९ सालीं सुरू झालेलें हें बंदर देशांतील कंटेनर-व्यापाराचें एक महाद्वार झालें, आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीकडून येणारा अटल सेतु खुला झाल्यावर तर उरण तालुक्यांतील वीतभर जमिनीसही मोल आलें. आमचे व्यापारी वाचक या मोलाचा हिशेब नित्य करितात. आम्हांस आज एकच विचारावयाचें आहे: या हिशेबांत घरच्या लेकीचा वांटा कोठें मांडला आहे?

ही भूमि फुकट गेलेली नाहीं. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या लढ्यांत पांच जणांनीं प्राण दिले. त्यांतूनच पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना निघाली. ज्या शेतांसाठीं हा लढा झाला, त्यांत लावणीला वांकणाऱ्या कमरा बहुतेक स्त्रियांच्या होत्या. मासळीची पाटीही त्यांच्याच डोक्यावर होती. परंतु मोबदला कष्टास मिळत नाहीं, तो सातबाऱ्यावरील नांवास मिळतो; आणि तें नांव बहुधा पुरुषाचें!

कायदा मात्र आतां मुलीच्या बाजूस आहे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत तिला सहदायाद मानलें नव्हतें. महाराष्ट्रानें २२ जून १९९४ पासून तो हक्क दिला, पण त्यापूर्वीं विवाह झालेल्या मुलींस वगळिलें. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनें हा भेद दूर केला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजीं विनीता शर्मा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, हा हक्क जन्मानेंच प्राप्त होतो, त्या दिवशीं पिता हयात असण्याची अट नाहीं. स्वराज्यास जन्मसिद्ध हक्क म्हणणाऱ्या राष्ट्रानें हा शब्द आपल्या मुलींसही लागू केला, हें योग्यच झालें.

मग अडलें कोठें? दुय्यम निबंधकाच्या कचेरींत. तेथें बहिणीपुढें हक्कसोडपत्र ठेवितात. ती सही करिते, आणि संसदेनें दिलेलें एका क्षणांत नाहींसें होतें. ‘ती राजीखुषीनें सोडिते,’ असें आम्हांस सांगण्यांत येतें. ज्या मिळकतीची किंमत तिला कोणी सांगितली नाहीं, आणि जी न सोडल्यास माहेरचें दार बंद होण्याचें भय आहे, ती सोडण्यांत खुषी कसली? लग्नांत खर्च केला, असें दुसरें उत्तर. हुंडा तर १९६१ पासून गुन्हा आहे. आणि मेजवानीच्या पंक्ती म्हणजे वारसा नव्हे. भावाच्याही लग्नांत पंक्ती उठतातच; त्याचा वांटा कोणी कापून घेतो काय?

बहिणीनें विचारपूर्वक हक्क सोडिला, तर आमची तक्रार नाहीं. पण आधीं वारसनोंदींत तिचें नांव लागावें, दस्त तिला वाचून दाखवावा, आजची किंमत सांगावी, आणि तिला स्वतःचा वकील पाहण्यास अवधि द्यावा. जमीन घेणाऱ्या व्यापाऱ्यांनींही बहिणींची संमति खरी आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. पुढील खटले त्यानेंच टळतील.

समतेचीं भाषणें पुष्कळ झालीं. भाऊबीजेस ओवाळणी घालणाऱ्या हातानें सातबाऱ्यावरील बहिणीचें नांव पुसूं नये, एवढी एक गोष्ट उरणच्या घराघरांत पाळली गेली, तरी आम्ही ती शंभर ठरावांहून मोठी समजूं.