दग्धव्रणावरील मलमे : तुलनेपूर्वीचा विचार

यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी आटोपली की शेतातील पऱ्हाट्या जळणासाठी घरी येतात. त्या जाळावर हात पोळलेली गृहिणी किंवा कढईतील तेल पायावर उडालेला मुलगा आमच्याकडे येतो तो बहुधा आधी औषधी दुकानात जाऊन; कित्येकदा जखमेवर टूथपेस्ट थापूनच. "सर्वांत चांगले मलम कोणते?" हा प्रश्न मात्र ठरलेला. व्रणाची अवस्था पाहिल्याखेरीज या प्रश्नास उत्तर नाही, असे आमचे मत आहे.

सुश्रुताचार्यांनी दग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार प्रकार केले. केवळ त्वचेचा वर्ण बदलून आग होते ते प्लुष्ट. फोड येऊन तीव्र दाह व वेदना होतात ते दुर्दग्ध. घरगुती भाजणे बहुधा या दोहोंत मोडते. प्लुष्टावर संहितेत उष्णोपचार सांगितला आहे, हे आम्ही जाणतो. तथापि भाजलेला भाग २० मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरल्यास दाह उणावतो व हानी खोलवर जात नाही, हे आज सिद्ध आहे. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत याचा लाभ होतो. म्हणून प्रथम पाणी, मग मलम. बर्फ मुळीच नको. येथे पाठाभिमानापेक्षा रुग्णहित मोठे मानावे.

आता द्रव्यांकडे वळू. त्वचा अखंड असून दाह प्रबळ असेल तर शतधौत घृत उत्तम. मात्र त्यात पाण्याचा अंश राहत असल्याने ते फार काळ टिकत नाही. थोडे व ताजे बनवावे. फोड फुटून व्रण उघडा झाल्यावर सुश्रुतोक्त रोपण घृताचा विचार करावा. मेण, ज्येष्ठमध, लोध्र, राळ, मंजिष्ठा, चंदन व मूर्वा यांनी सिद्ध केलेले हे घृत सर्व अग्निदग्धांसाठी सांगितले आहे. जात्यादि घृताच्या पाठात तुत्थ आहे. ते शोधन-रोपणाचे औषध असून दुष्टव्रणात शोभते. ताज्या, स्वच्छ दग्धव्रणावर ते प्रथम योजण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

मधाची परीक्षा तर महाराष्ट्रातच झाली. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध केली. मध लावलेल्यांपैकी ८७ टक्के रुग्णांचे व्रण १५ दिवसांत भरले. सिल्व्हर सल्फाडायझिन लावलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होते. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेनेही अंशतः खोल दग्धव्रण मधाने काही दिवस लवकर भरतात, असे नोंदविले. अर्थात व्रणावर निर्जंतुक केलेला मधच वापरावा, घरच्या बरणीतील नव्हे. सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम सर्रास दिले जाते; पण अनेक तुलनांत इतर आच्छादनांपेक्षा त्याने व्रण उशिरा भरल्याचे आढळले आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात तर केळीच्या पानाचे आच्छादनही उपयुक्त ठरले. मलमाइतकेच व्रण स्वच्छ, ओलसर व झाकलेला राखणेही महत्त्वाचे, हा त्यातील बोध.

डागाचे मूळही याच कालावधीत आहे. दोन आठवड्यांत भरलेला व्रण सहसा उंचवट्याचा डाग ठेवत नाही. तीन आठवड्यांहून अधिक रेंगाळलेला बहुधा ठेवतो. व्रण पूर्ण भरण्यापूर्वी "डाग घालविणारे" मलम चोळणे हानिकारकच. भरल्यानंतर सौम्य स्नेहाभ्यंग, उंचवट्याच्या डागावर सिलिकॉन जेल आणि विदर्भाच्या उन्हापासून त्या जागेचे रक्षण, हे महिनोन्‌महिने चालावे. सुश्रुतांनी पांडुकर्म व कृष्णकर्म सांगितले तेही रोपण झाल्यानंतरच.

औषधी दुकानदार बंधूंना आमची विनंती एवढीच : डबी देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. केव्हा भाजले? कोठे भाजले? किती भाजले? चेहरा, हात, सांधा वा गुह्यांग भाजले असेल, व्रण रुग्णाच्या तळहाताहून मोठा असेल, पांढरा वा बधिर पडला असेल, अथवा रुग्ण बालक, वृद्ध किंवा मधुमेही असेल, तर मलम विकू नये. रुग्णालयाची वाट दाखवावी. त्या दिवशी एक डबी कमी खपेल, पण एखाद्या मुलाची बोटे आयुष्यभर आखडण्यापासून वाचतील.